खळ्यावरचे सोळा

१

रविवारची मैफल सकाळी सातला सुरू व्हायची, पण उर्मिलाचा रविवार पाचलाच उजाडायचा. आधी पंढरीनाथांचं आवरायचं. त्यांना कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, सदऱ्याची उजवी बाही आधी चढवायची, कारण उजव्या हाताला आपणहून बाहीत शिरता येत नव्हतं. मग चाकांची खुर्ची, लिफ्ट, आणि खाली ठरलेल्या टॅक्सीवाल्याची हिंदीतली कुरकुर, की घोडबंदरला कंटेनर अडकले तर मला बोलू नका, आंटी. नवघरहून चेण्याला भल्या पहाटे गाणं ऐकायला जाणारं नवरा-बायकोचं असं जोडपं त्याने बापजन्मात पाहिलं नसावं.

चेण्याची सव्वादोन एकर जमीन पंढरीनाथांच्या मामांची. मामांना मूलबाळ नव्हतं, म्हणून ती भाच्याकडे आली. पावसात भात, मागून त्याच ओलीवर वाल, बांधाला भेंडी आणि मिरची, एक विहीर, एक गाय. हे सगळं बघायची ती शेवंती, त्याच गावातली, साठीची, काटक आणि कमी बोलणारी बाई. पंढरीनाथांना शेतीतलं ओ का ठो कळत नव्हतं. ते तिथे तबला घेऊन जायचे आणि विहिरीशेजारच्या पडवीत वाजवत बसायचे. चाळीस वर्षं सरकारी खात्यात फायली सरकवल्यावर हातात जेवढं शिल्लक राहिलं होतं, तेवढं सगळं त्यांनी तबल्याला दिलं होतं.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा गळला. मेंदूत गुठळी, असं डॉक्टर म्हणाले. उजवा हात गेला, पाय अधू झाला आणि बोलणं गेलं. बोलण्यातलं एक "हं" तेवढं मागे राहिलं. उर्मिलाला हाताचं दुःख जास्त होतं. बोलणं काय, एरवीही ते बेताचंच बोलायचे. पण त्यांना जे काही सांगायचं असायचं ते त्या हाताने सांगायचे, आणि तो हात आता उशीवर ठेवला तर उशीवरच राहायचा.

शेतावर मैफल करायची कल्पना रोशनची. रोशन मीरा रोडचा, पस्तिशीचा, धंदेवाईक तबलजी, पंढरीनाथांना गुरूसारखा मानणारा. "काकू, हॉलमध्ये एसी लावून काकांचा मेंदू जागा होणार नाही. त्यांना शेतावर गाणं ऐकवूया. शेताचं काम बंद नाही करायचं हां. गायीचं दूध काढणं चालू, पंप चालू, आपलं गाणंही चालू. लोकांना हेच पाहिजे आजकाल." उर्मिलाला लोकांना काय पाहिजे याच्याशी कर्तव्य नव्हतं. तिला तो हात हलायला हवा होता. त्यासाठी कोणी शेतावर सर्कस आणा म्हटलं असतं तरी तिने आणली असती.

२

डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी जेमतेम माणसं जमली. भात झोडून झालं होतं. शेवंतीने नुकतंच सारवलेलं खळं कोरडं खणखणीत होतं आणि बसायला त्यावर पेंढा पसरला होता. मधोमध तिवडा उभा होता, म्हणजे मळणीच्या वेळी बैल ज्याच्याभोवती फिरवायचे तो लाकडी खांब. बैल विकून दहा वर्षं झाली होती, पण शेवंतीने तो काढू दिला नव्हता.

रोशनने सगळ्यांना तिवड्याभोवती गोल बसवलं. गाणारी बाई तानपुरे जुळवत होती, तोवर लोकांना थोडं शिकवावं असा त्याचा विचार. अशी शिकवणी हल्ली प्रत्येक कार्यक्रमात असते.

"तीनताल सोळा मात्रांचा. आणि बघा, काका आणि बाई सोडल्या तर मला धरून आपण बरोबर सोळा जण. प्रत्येकाने एक मात्रा मोठ्याने बोलायची. काकू, सम तुमची. तुम्ही एक."

उर्मिला लाजत "एक" म्हणाली. तिच्या शेजारी मनोरमा होती, नवघरची तिची तीस वर्षांपासूनची ठेंगणी शेजारीण. ती "दोन" म्हणाली आणि हसली. आकडा गोल फिरत गेला. नववी मात्रा रोशनची स्वतःची. "नऊ. ही खाली, इथे टाळी नाही," म्हणत त्याने हात हवेत उलटा केला. सोळावी मात्रा आली ईश्वर सावंतांच्या वाट्याला. सावंत बँकेतून निवृत्त झालेले, तपकिरी कानटोपी घातलेले, प्रत्येक मैफलीत मांडीवर ताल देऊन शेजाऱ्याचा जीव नकोसा करणारे गृहस्थ. त्यांनी "सोळा" असं ठोकलं की बांधावरची गाय दचकली. पाच-सहा आवर्तनं झाली. गंमत आली सगळ्यांना, आणि रोशनने ती मोबाईलवर टिपूनही ठेवली.

शेवंती चहाची किटली घेऊन खळ्याच्या कडेला थांबली होती. ती आत येईना, तेव्हा उर्मिला उठून तिच्याकडे गेली.

"बाय, खल्यावर मानसा मोजाची न्हाय," शेवंती हळू म्हणाली.

"अगं, ताल शिकवतोय तो."

"आमी भात मोजताना पन पयल्या पायलीला एक नाय बोलत. लाभ बोलतो."

"का गं?"

"एक बोलला का मोजनी चालू झाली. आन चालू झालेली मोजनी अर्ध्यावर सोडता येत न्हाय."

उर्मिला काहीतरी समजुतीचं बोलणार होती, एवढ्यात मागून मनोरमाने हाक मारली. "उर्मिला, आधी इकडे ये. पंढरीनाथांचा हात बघ."

हात मांडीवर होता. अंगठा हलत होता. करंगळीच्या मुळापासून तो एकेका पेरावर टेकत होता, तीन पेरं आणि टोक, मग पुढचं बोट, मग त्याच्या पुढचं. चार बोटांवर चार-चार. तर्जनीच्या टोकाला सोळा झाले की अंगठा पुन्हा करंगळीच्या मुळाशी. लोक मोजायचे थांबले होते आणि तो मोजत होता. उर्मिला सगळ्यांसमोर हमसून हमसून रडली, आणि तिला त्याची जरासुद्धा लाज वाटली नाही.

३

त्यानंतर अंगठा थांबला नाही. जेवताना, टीव्ही बघताना, झोपेतसुद्धा तो चालू असायचा. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी खूश झाली. मेंदूला जुनी वाट सापडली, म्हणाली. उर्मिला रोज सकाळी चहा पिताना त्या अंगठ्याबरोबर मनात मोजायची. देवाचं नाव घ्यावं तशी तिला त्याची सवय लागली.

बुधवारी ईश्वर सावंत गेले. भाजी आणायला निघाले आणि जिन्यात बसले ते उठलेच नाहीत. अठ्ठ्याहत्तर वय, दोनदा झटका येऊन गेलेला. लोक हळहळले आणि सोन्यासारखं मरण आलं असंही म्हणाले.

गुरुवारी सकाळी चहा पिताना उर्मिला चुकली. तिच्या मनात सोळा व्हायच्या आत अंगठा करंगळीवर परत गेला होता. तिने कप खाली ठेवला आणि नीट पाहिलं. मोजणी पंधरालाच वळत होती. तर्जनीचं टोक तेवढं राहत होतं.

"थकवा असेल ना?" तिने त्या मुलीला विचारलं.

"असेल काकू. पण तर्जनीचं टोक सगळ्यात सोपं असतं हो. लोकांना करंगळीपर्यंत अंगठा नेता येत नाही. यांना अवघड ते जमतंय आणि सोपं सुटतंय." मुलगी गोंधळून हसली. "पण मनगट बघा, आज मनगट उचललंय त्यांनी."

खरंच उचललं होतं. दोन बोटं उंच, पण उचललं होतं. उर्मिलाने तर्जनीचा विचार सोडून दिला.

४

मैफलीचं नाव झालं. जानेवारीत चाळीस माणसं येऊ लागली, मग साठ. मुंबईहून गाड्या यायच्या, बायका निघताना ताजी भेंडी आणि वाल घेऊन जायच्या. एकदा कथक नाचणारी मुलगी आली आणि त्या सारवलेल्या जमिनीवर असं नाचली की शेवंतीने दूध काढायचं थांबवून बघितलं. आता सोळा-बिळा काही उरलं नव्हतं. कोण आलं, कोण नाही, हे त्या गर्दीत कळत नव्हतं.

उर्मिलाला मात्र कळत होतं, कारण पहिल्या दिवशीचा चहा तिने स्वतः वाटला होता आणि ते चेहरे तिला पाठ होते. जे जोडपं चौदा आणि पंधरा म्हणालं होतं, ते आता दिसत नव्हतं. तेरा म्हणालेला शेजारच्या मळ्यातला माळी काम सोडून गेला, असं कोणीतरी म्हणालं. पंढरीनाथांचा अंगठा आता बारावर वळत होता. तर्जनी पूर्ण सुटली होती. आणि तर्जनी सुटली तशी ती सरळ झाली होती. त्या बोटाने ते चष्म्याची काडी पकडायचे, शर्टाचं बटण चाचपायचे.

बाराचा ताल असतो, अकराचाही असतो, दहाचाही असतो. माणूस चाळीस वर्षं तबला वाजवतो तर एकच ताल कशाला धरून बसेल? असं उर्मिलाने स्वतःला समजावलं. ती शिकलेली बाई होती, वर्तमानपत्रातलं भविष्यसुद्धा वाचत नसे. पण एका दुपारी तिने रोशनने पाठवलेला तो पहिल्या दिवसाचा व्हिडिओ उघडला आणि आवाज बंद करून तीनदा पाहिला. जोडप्याचा नंबर तिच्याकडे होता. एक फोन केला असता तर सगळ्याचा निकाल लागला असता. ते म्हणाले असते, अहो काकू, आम्ही नाशिकला आलोय मुलीकडे, आणि ती आपल्याच वेडेपणावर हसली असती.

तिने फोन केला नाही. न करण्याचं कारण तिला माहीत होतं, आणि ते तिने मनातही पूर्ण उच्चारलं नाही.

त्याच आठवड्यात तिला पहिल्यांदा तो आवाज आला. रविवारी लोक यायच्या आधी ती खळ्यावर सतरंज्या अंथरत होती. पाठीमागे पेंढा चुरचुरला. पाऊल पडावं तसा, मग दुसरं, मग तिसरं, संथ, एका चालीत, गोल जाणारा. ती वळली तर खळं रिकामं. गाय दाव्याला ताण देऊन पाठमोरी उभी होती. शेवंती त्या दिवसापासून खळ्याला वळसा घालून बांधावरून जायला लागली, आणि उर्मिलाने तिला त्याचं कारण विचारलं नाही.

५

फेब्रुवारीत अंगठा नवावर आला. म्हणजे नऊ मोजून परत फिरत होता. उर्मिलाला त्या रविवारी रोशनला काहीतरी सांगायचं होतं. काय सांगणार होती? की बाबा, तू पुढच्या रविवारी येऊ नकोस? की ये, पण जपून ये? तो तबल्यावर हातोडी मारत सूर लावत होता, मान तिरपी करून, आणि मध्येच म्हणाला, "काकू, काकांनी आज माझा हात दाबला. जोरात. मी बोललो होतो ना?"

"बोलला होतास," ती म्हणाली, आणि त्याला गरम पोहे वाढले.

मंगळवारी सकाळी घोडबंदर रस्त्यावर रोशनच्या स्कूटरला ट्रकने उडवलं. त्या रस्त्यावर दर आठवड्याला कोणीतरी जातंच, असं टॅक्सीवाला म्हणाला. पाच वर्षांची मुलगी होती त्याला. उर्मिला त्याच्या घरी गेली, त्याच्या बायकोचा हात हातात घेऊन बसली.

घरी परतली तर पंढरीनाथ टेबलाशी बसले होते. समोर पाण्याचा पेला होता. त्यांनी उजव्या हाताने तो पकडला, उचलला, ओठांना लावला आणि एक थेंब न सांडता प्यायले. दोन वर्षांत पहिल्यांदा. मांडीवर आणलेल्या हाताचा अंगठा आठ मोजून मागे वळला.

उर्मिला दारात उभी होती. आपल्याला आनंद झाला, हे तिला स्पष्ट कळलं. रोशनची चिता अजून विझली नसेल आणि आपल्याला आनंद झाला. पुढचा रविवार रद्द करावा असं तिच्या मनात आलं, आणि मग तिने मोबाईल उघडून गटावर लिहिलं, की रोशनच्या स्मृतीसाठी या रविवारी मैफल नेहमीप्रमाणे होईल.

६

एके सकाळी ती न्हाणीघरातून बाहेर आली तर पंढरीनाथ रुमालाशी झटापट करत होते. डाव्या हाताने आणि दातांनी त्यांनी रुमाल उजव्या अंगठ्याभोवती करकचून गुंडाळला होता आणि अंगठा तळव्यावर बांधून टाकला होता. अंगठा निळा पडला होता. आतून तो धडपडत होता, रुमाल उचकत होता.

"अहो, हे काय? रक्त थांबेल त्याचं."

त्यांनी मान हलवली. नाही, नाही. डोळ्यांत पाणी होतं. डाव्या हाताने त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर पहिल्या मैफलीचा फोटो होता, तिने कौतुकाने लावलेला. तिवड्याभोवती गोल बसलेली माणसं.

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. कदाचित तिच्याआधीपासून. एवढे आठवडे ते तिला सांगायचा प्रयत्न करत होते, आणि ती त्या हाताचे लाड करत बसली होती.

उर्मिला त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. रुमालाची गाठ ओली आणि घट्ट होती. ती तशीच ठेवता आली असती. बांधून काही थांबलं असतं की नाही, देव जाणे, पण ठेवता आली असती.

तिने गाठ सोडली. "हात वाया जाईल हो," ती म्हणाली. "इतका चांगला झालाय."

अंगठा सुटला आणि मोजायला लागला. पंढरीनाथांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

७

तीन मोजणारा अंगठा दोनवर आला तेव्हा उर्मिला भानावर आली. दोन म्हणजे मनोरमा. उर्मिलाच्या बाळंतपणात मनोरमाने रात्री जागवल्या होत्या. पंढरीनाथ हॉस्पिटलात होते तेव्हा दोन वेळचा डबा मनोरमाने पोचवला होता.

तिने मैफल रद्द केली. पुढच्या सगळ्या केल्या. शेवंतीला फोन करून खळ्यावरचा पेंढा उचलून गायीला घाल म्हणून सांगितलं.

"गाय खात न्हाय तो," शेवंती म्हणाली. "आन बाय, आता पेंढा उचलून काय व्हनार?"

रविवारी सकाळी सातला उर्मिला मनोरमाच्या घरी जाऊन बसली. चौथा मजला, दाराला साखळी, खिडक्यांना ग्रील. इथे कोण येणार? आज दिवसभर हिला नजरेआड करायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं. मनोरमा नेहमीसारखी बोलत होती, सुनेबद्दल, गुडघ्याबद्दल, सोसायटीच्या पाण्याबद्दल. उर्मिलाला तिचा हात धरून सगळं ओकून टाकायचं होतं. पण सांगायचं म्हणजे गेल्या पंधरा आठवड्यांचंही सांगावं लागलं असतं.

"तुला तो पहिला दिवस आठवतो का गं?" ती कशीबशी म्हणाली. "तू दोन म्हणाली होतीस."

"आणि तू एक. नवरीसारखी लाजली होतीस." मनोरमा हसली. "थांब, दूध ठेवलंय, बंद करून येते."

"मी येते."

"बस गं. दोन पावलांवर तर आहे."

मनोरमा आत गेली. उर्मिला उठत होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. चौथ्या मजल्यावरच्या फरशीवर पेंढा चुरचुरत होता. एक पाऊल, मग दुसरं. एकाचं नाही, बऱ्याच जणांचं, एका चालीत. उर्मिला अर्धवट उठलेली तशीच राहिली. आवाज गोल फिरून लांब गेला, जितकं लांब जायला त्या स्वयंपाकघरात जागाच नव्हती. मग दूध उतू गेल्याचा वास आला.

मनोरमा ओट्याला टेकून जमिनीवर बसली होती. डोळे उघडे होते, चेहरा शांत होता. घाबरल्याची खूण नव्हती. तिच्या पांढऱ्या केसांत, कानाच्या वर, भाताची एक सोनेरी काडी अडकली होती. उर्मिलाने आधी गॅस बंद केला, मग ती काडी काढली, मग शेजाऱ्यांना हाक मारली.

दुपारी ती घरी आली. पंढरीनाथ खुर्चीवर ताठ बसले होते. अंगठा करंगळीच्या मुळाशी टेकत होता आणि उचलत होता. टेकत होता आणि उचलत होता. पुढे कुठे जात नव्हता.

"उर्मिला," ते म्हणाले.

दोन वर्षं जो आवाज ऐकण्यासाठी तिने जीव टाकला, तो आवाज. थोडा घोगरा, पण तोच. तिने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि तिच्या केसांवर तो उजवा हात फिरत राहिला, ठोके देत.

८

पुढच्या रविवारी पहाटे तिने टॅक्सी बोलावली. ते इथे, घरात, त्यांच्या डोळ्यांसमोर व्हावं असं तिला वाटत नव्हतं. पंधरा माणसं तिने आपल्या माणसाच्या एका हातासाठी जाऊ दिली होती. आता आपली पाळी आली म्हणून दाराला साखळी लावून बसणं तिला शोभलं नसतं. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनाचा एक कोपरा अजूनही हिशेबी होता. शेवटची मोजणी झाली की हे चालू लागतील, नीट बोलू लागतील, असं तो कोपरा म्हणत होता.

तिला एकटीला जायचं होतं. पण पंढरीनाथांनी उजव्या हाताने दाराची चौकट धरली आणि "मीही," म्हणाले. तिने खूप समजावलं. चौकट सुटली नाही.

चेण्याला पोचले तेव्हा उजेड करडा होता. शेवंतीचं दार बंद होतं. टॅक्सीवाल्याने दोघांना खळ्याच्या कडेपर्यंत नेलं आणि नेहमीची कुरकुर न करता गाडी वळवून निघून गेला. मैफल नव्हती, म्हणून आणखी कोणी येणार नव्हतं.

पेंढा उचललेला होता. सारवलेली जमीन स्वच्छ होती. तरीही चुरचुर ऐकू येत होती.

उर्मिलाला आधी पावलं दिसली असं वाटलं, मग पाठी दिसल्या. तिवड्याच्या पलीकडून माणसांची एक रांग संथ चालत येत होती, एकामागे एक, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर, माना खाली. सर्वांत पुढे एक तपकिरी कानटोपी होती. मध्ये कुठेतरी एक उंच माणूस होता, त्याच्या एका हाताची बोटं हवेत उलटी होती. चेहरे तिला दिसले नाहीत. तिने बघायचा प्रयत्नही केला नाही. रांगेच्या शेवटी एक ठेंगणी, किंचित लंगडत चालणारी बाई होती. तिने एक हात मागे धरला होता, तळवा उघडा, आणि त्या हाताच्या मागे एका माणसापुरती जागा मोकळी होती.

रांग समोरून गेली. उर्मिलाचा उजवा पाय आपोआप उचलला. तिने तो उचलला नव्हता. तो खळ्याच्या कडेवर टेकला आणि डावा पाय उचलायला लागला.

तेव्हा तिचं मनगट कोणीतरी पकडलं. पंढरीनाथ खुर्चीतून अर्धे पुढे झुकले होते. उजवा हात होता. अंगठा प्रथमच काही मोजत नव्हता. तो तिच्या मनगटाभोवती घट्ट वळलेला होता.

"मला नको," ते म्हणाले. प्रत्येक शब्दाला त्यांना धाप लागत होती. "हात नको. तू बस."

तिला इतकं भरून आलं की क्षणभर भीतीसुद्धा मागे पडली. ती खाली बसायचा प्रयत्न करू लागली. गुडघे वाकत नव्हते. पाय पुढे ओढत होते, मनगट मागे, आणि खांद्यातून कळ येत होती. रांग तिवड्याला वळसा घालून परत आली. मोकळी जागा तिच्यासमोर आली, थोडी थांबली, पुढे गेली. पुन्हा आली. पुन्हा थांबली, आधीपेक्षा जरा जास्त वेळ. खुर्चीची चाकं जमिनीवर इंचभर पुढे घसरली.

"धरून ठेवा हं," उर्मिला म्हणाली. "सोडू नका."

"हं," ते म्हणाले.

कितवा फेरा होता ते तिला सांगता आलं नसतं. तिने मोजला नाही. चार महिन्यांत त्या हाताला पेला धरता आला होता, बटण लावता आलं होतं, चौकट धरता आली होती. फक्त फार वेळ धरून ठेवायची ताकद अजून आली नव्हती. तिच्या मनगटावरची बोटं आता थरथरू लागली होती.